भिंतीला गिलावा केला नाही

"मावशी, शनिवार पूर्ण मोकळा आहे. कुठे जायचं ते तू सांग," भाचा म्हणाला. लंडनला पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय काय दाखवायचं हे त्याने मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचे पूल. मी म्हटलं, "मला बॅटर्सीचा जुना टाउन हॉल बघायचाय. आता तिथे आर्ट्स सेंटर आहे. जळला होता बघ, तो."

त्याला काही आठवेना. तीन वर्षं तो तिथून वीस मिनिटांवर राहतोय.

मी गेली तीस वर्षं नाटकांचे लाइट्स करते. १३ मार्च २०१५ ला, शुक्रवारी दुपारी, त्या इमारतीच्या मागच्या भागाला आग लागली आणि एक-दोन दिवसांत तिचा फोटो आमच्या तालमीपर्यंत येऊन पोचला. भलंमोठं सभागृह, वर छप्पर नाही, आत थेट आभाळाचा उजेड. त्या सभागृहात तेव्हा एका नाटक मंडळीचा सेट लावलेला होता, तो अख्खा गेला. सगळ्यांनी फोटो बघून हळहळ व्यक्त केली आणि तालीम पुढे सुरू झाली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. लाइट्स करणाऱ्या माणसाच्या पोटात आगीची भीती कायम असते. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या खोलीतून जरासा वास आला तरी हातातलं टाकून आम्ही आधी तिकडे धावतो. आगीत कुणाला इजा झाली नाही हे वाचलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तेव्हापासून ही इमारत माझ्या डोक्यात होती. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ते सभागृह पुन्हा उघडलं, आणि ज्या नाटकाचा सेट जळला होता त्याच नाटकाने उघडलं, हे कळल्यावर मी एकटीच खुर्चीत बसून रडले होते. म्हणून लंडनमधला पहिला मोकळा दिवस तिकडेच जाणार, हे माझ्यापुरतं कधीच ठरलं होतं.

क्लॅपहॅम जंक्शनला उतरून लॅव्हेंडर हिलचा चढ चढायचा. इथे कधीकाळी लॅव्हेंडरचे मळे होते, नाव त्यावरून पडलं. आता दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं, मधून बसेसची वर्दळ. इमारत रस्त्याला लागूनच आहे. लाल वीट, फिक्या रंगाचा दगड, कोरीव काम, रुंद पायऱ्या. १८९३ साली ती उघडली. एडवर्ड विल्यम माउंटफर्ड हे तिचे वास्तुरचनाकार, आणि पुढे लंडनचं प्रसिद्ध ओल्ड बेली न्यायालय त्यांनीच बांधलं. बाहेरून बघताना तो न्यायालयाचा रुबाब इथेही जाणवतो. मी बाहेर फार रेंगाळले नाही. इमारतीचं तोंड बघून तिच्याबद्दल मत बनवू नये, आत शिरून आवाज ऐकावा आणि उजेड कुठून येतो ते बघावं, ही माझी जुनी सवय.

आत शिरल्या शिरल्या पायाखाली मधमाश्या लागतात. प्रवेशदालनाची फरशी मोझेइकची आहे आणि तिच्यात मधमाश्या बसवल्या आहेत. कष्टाळूपणाची खूण म्हणून. मी गुडघे टेकून बसले. नखाएवढे दगडाचे तुकडे, एकाला एक भिडवलेले. पंखाची गोलाई साधायला तुकडा कसा तिरका कापलाय, दोन तुकड्यांमधली फट कशी सुतासारखी ठेवलीये, हे उभं राहून कळत नाही. वरून हात फिरवला तर पाण्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत लागला. सव्वाशेहून जास्त वर्षं माणसं यावरून चालली आहेत. घरपट्टी भरायला आलेली, लग्नाची नोंद करायला आलेली, मोर्चा घेऊन भांडायला आलेली, आणि आता नाटकाला आलेली. एक लहान मुलगी माझ्या शेजारी येऊन तशीच बसली आणि बोटाने माश्या मोजायला लागली. तिच्या आईने तिला उठवलं नाही, हे मला फार आवडलं.

पुढे संगमरवरी जिना आहे आणि वरच्या काचेच्या घुमटातून खाली उजेड झिरपतो. हा उजेड मऊ आहे, कुणाचीही सावली कडक पडत नाही.

दारावर एक तरुण मुलगा होता. मी नाटकात लाइट्स करते असं भाच्याने त्याला सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "मग तुम्हाला तो जळलेला ग्रँड हॉल रिकामा असतानाच बघायला हवा," तो म्हणाला, "पण अजून पाऊण तास तिथे काम चाललंय. तोवर बाकीचं बघून घ्या." आणि मग त्याने स्वतःहून आम्हाला इमारतीची गोष्ट सांगितली. काही मला आधी वाचून ठाऊक होतं, पण तिथेच उभं राहून ऐकण्यात वेगळंच होतं.

बॅटर्सी हा तेव्हा कामगारांचा भाग. कारखाने, रेल्वेचे यार्ड, दाटीवाटीची घरं. १९०० साली त्याला स्वतःची बरो, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका, मिळाली आणि तिने या इमारतीतून कारभार सुरू केला. कंत्राटदार न नेमता स्वतःचेच कामगार लावून लॅचमियरची वसाहत या नगरपालिकेने बांधली आणि १९०३ मध्ये कामगार कुटुंबं तिथे राहायला गेली. या बरोचं बोधवाक्य लॅटिनमध्ये होतं: नॉन मिही, नॉन टिबी, सेड नोबिस. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी नव्हे, तर...

इथे मी भाच्याला थांबवलं, कारण तो मला मराठीत सांगत होता आणि "आमच्यासाठी" म्हणून मोकळा झाला होता. "आमच्यासाठी नव्हे रे," मी म्हटलं, "आपल्यासाठी." लॅटिनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे, इंग्रजीतही एकच. मराठीत मात्र "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि "आपण" म्हटलं की तो आत येतो. इतका मोठा फरक आपण दिवसभर बोलताना सहज करत असतो. ना माझ्यासाठी, ना तुझ्यासाठी, आपल्यासाठी. दारावरच्या मुलाला मी हा फरक समजावून सांगितला. त्याने "आपण" आणि "आम्ही" दोन्ही शब्द माझ्याकडून दोन-दोनदा म्हणवून घेतले आणि एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले.

हे बोधवाक्य नुसतं चिन्हाखाली लिहिण्यापुरतं नव्हतं, याचा पुरावा या इमारतीत आहे. नोव्हेंबर १९१३ मध्ये बॅटर्सीच्या नगरसेवकांनी जॉन आर्चर यांना महापौर निवडलं. आर्चर यांचा जन्म लिव्हरपूलचा, वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, आणि व्यवसाय फोटोग्राफीचा. लंडनच्या कुठल्याही बरोचा हा पहिला कृष्णवर्णीय महापौर. मतं पडली ४० विरुद्ध ३९. एका मताने. आर्चर यांनी निवडून आल्यावर बॅटर्सीकरांना उद्देशून सांगितलं, की या गावाने आजवर पुष्कळ केलंय, पण माणसाच्या कामावरून त्याची पारख करायची, रंगावरून करायची नाही, हे दाखवून दिलं ते सगळ्यात मोठं.

आणि मग शापुरजी सकलातवाला. हे नाव भाच्याने आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलेलं नसेल. १८७४ साली मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा, जमशेटजी टाटांच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे हेही मामा-भाच्याचं नातं. टाटांसाठी लोखंड-कोळशाच्या शोधात ते जंगलांतून हिंडले, १९०५ मध्ये इंग्लंडला आले आणि इथल्या कामगार चळवळीत ओढले गेले. १९२२ मध्ये बॅटर्सी नॉर्थमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, पुढच्या वर्षी पडले, १९२४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून पुन्हा निवडून आले आणि १९२९ पर्यंत खासदार होते. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमध्ये भाषण केलं म्हणून दोन महिने तुरुंगात गेले. त्यांच्या निवडणुकीची व्यवस्था बघणारे एजंट कोण, तर हेच जॉन आर्चर. एक मुंबईचा पारशी आणि एक लिव्हरपूलचा कृष्णवर्णीय फोटोग्राफर, दोघं मिळून लंडनच्या गिरणी-कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांची मतं मागत फिरताहेत. मला ते दोघं त्या संगमरवरी जिन्यावरून बोलत बोलत उतरताना दिसले. आपल्या माणसाचा पाय इथे लागला होता, ही भावना मी लपवणार नाही.

नगरसेवकांच्या सभेची जुनी खोली आता नाटकाची जागा आहे. काळे पडदे, जमिनीवर तालमीच्या खुणांच्या चिकटपट्ट्या, कोपऱ्यात दोन स्टँड. वर मात्र सगळं जुनं. एका मताने इतिहास घडला, तो याच कारभाराच्या जागेत. मी तिथे उभी राहून टाळी वाजवून बघितली. शब्द स्वच्छ ऐकू येतो, शेवट गिळला जात नाही. माणसं एकमेकांशी वाद घालू शकतील अशी खोली बांधली, की तीत नाटकही चांगलं होतं.

१९६५ मध्ये लंडनच्या कारभाराची नव्याने विभागणी झाली आणि बॅटर्सी बरो वॉन्झवर्थमध्ये विलीन झाली. टाउन हॉलला टाउनच उरलं नाही. १९७४ पासून इथे कलाकेंद्र सुरू झालं. आता सभागृहाखेरीज वरच्या मजल्यावर कलाकारांना राहायला खोल्या आहेत. दौऱ्यावर आलेली मंडळी तिथेच झोपतात आणि सकाळी उठून खाली तालमीला येतात. मधल्या चौकात, जिथे पूर्वी फक्त खिडक्यांना उजेड मिळावा म्हणून रिकामी जागा सोडली होती, तिथे आता उघड्यावरचं छोटं नाट्यगृह आहे. या सगळ्या बदलांचं काम हॉवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुरचनाकार मंडळींकडे होतं आणि त्यांनी ते २००६ पासून टप्प्याटप्प्याने, इमारत सुरू ठेवून केलं. तेच काम चालू असताना २०१५ ची आग लागली.

पाऊण तासाने तो मुलगा आम्हाला न्यायला आला.

लांब मार्गिकेतून मागे जावं लागतं. आग मागच्या सभागृहापुरती अडवता आली, पुढची इमारत वाचली. दुसऱ्याच दिवशी पुढच्या भागात प्रयोग झाला. मागे अजून धूर असताना! हे तो मुलगा अगदी साध्या आवाजात सांगत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. कुणी म्हणेल, एक दिवस बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. ज्यांनी कधी प्रयोग केलाय त्यांना मात्र हे कळेल, की त्या दिवशी त्यांना दुसरं काही करता येण्यासारखंच नव्हतं.

दार उघडलं. मी उंबऱ्यातच थांबले.

ग्रँड हॉलच्या भिंतींना गिलावा केलेला नाही. आगीने जे सोललं, ते सोललेलंच ठेवलंय. कमानी, खांब, खांबांवरची नक्षी, जितकी उरली तितकी उरलेली. जिथे तुटली तिथे तुटलेली. सैल झालेलं तेवढं काढलं, उरलेलं पक्कं केलं, आणि हात आवरता घेतला. लांबून भिंत तांबूस-सोनेरी दिसते, संध्याकाळी नदीकाठच्या घाटाची दिसते तशी. मी जवळ गेले. डोळ्यांच्या उंचीवरचा ताटाएवढा तुकडा निवडला आणि तेवढाच बघत राहिले. सगळ्यात खाली वीट, एका कोपऱ्याला काळवंडलेली. तिच्यावर जुन्या गिलाव्याचा थर, कडा फाटक्या कागदासारखी. त्या थरावर रंगांचे पापुद्रे: फिक्का हिरवा, त्यावर मळकट गुलाबी, त्यावर पिवळट पांढरा. प्रत्येक रंग म्हणजे कुणीतरी एकदा ठरवलेलं, की आता हॉल नवा दिसला पाहिजे. आगीने ते सगळे निर्णय एकाच वेळी उघडे केले. एका ठिकाणी खिळ्याचं भोक होतं. तिथे कधी काय टांगलं असेल? तसबीर, पताका, की एखाद्या सभेचा फलक?

"मावशी, पैसे संपले असतील म्हणून असंच ठेवलं असेल," भाचा कुजबुजला.

त्याला मी सांगितलं ते इथेही लिहिते. जळकी भिंत अशी राखणं गिलावा करण्यापेक्षा कठीण आहे. गिलावा केला की सगळं झाकलं जातं, कारागिराला खालचं एकेक इंच बघावं लागत नाही. इथे प्रत्येक सुटा पापुद्रा ठेवायचा की काढायचा, हे कुणीतरी हाताने चाचपून ठरवलंय. वीस फुटांवरची नक्षी पुन्हा कोसळू नये म्हणून मागून पकडून ठेवलीये आणि पकड दिसू दिलेली नाही. हे काटकसरीचं काम नव्हे.

माझ्या ओळखीच्या एका जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण मी जवळून पाहिलंय. नाव लिहीत नाही. बाल्कनीचा शिसवी कठडा, ज्यावर हात ठेवून आमच्या आधीच्या तीन पिढ्यांनी नाटकं पाहिली, तो काढून स्टीलचा पाइप बसवला. छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग मारलं आणि त्यात दिवे टांगायला एक हूक ठेवला नाही. उद्घाटनाला सगळं पांढरंशुभ्र होतं. पहिल्या प्रयोगाला आम्हाला दिवे लावायला जागा नव्हती आणि शेवटच्या रांगेला शब्द पोचत नव्हता. त्या दिवशी मला जो राग आला, तो इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे. जीर्णोद्धार या शब्दात जीर्ण आधी येतं. जे जीर्ण आहे त्याची ओळख ठेवून उद्धार करायचा. ते पुसून टाकलं, तर उद्धार कुणाचा केला?

बॅटर्सीत वर बघितलं आणि मला त्या रागावरचं उत्तर मिळालं. इथलं मूळ छत कमानदार होतं, नक्षीदार गिलाव्याचं. ते पूर्णच गेलं. हुबेहूब तसंच पुन्हा ओतून घेता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी जुन्या छताचीच नक्षी घेतली आणि ती प्लायवुडमध्ये जाळी म्हणून कापली. म्हणजे रेघ तीच, पण आता ती आरपार आहे. पूर्वीच्या बंद छतामुळे जे करता येत नव्हतं, ते आता जाळीतून करता येतं: वरून दिवे खाली सोडता येतात, हवं ते टांगता येतं. कमानदार कडक छतावर आवाज आपटून गोळा होतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात, हा त्रास मी कितीतरी हॉलमध्ये काढलाय. जाळी मधून आवाजाला वाट देते. मी मान वर करून इतका वेळ उभी होते, की मान अवघडली. प्लायवुडच्या कापलेल्या कडेला लाकडाचे थर दिसतात, एक गडद, एक फिक्का. रंग मारून त्यांनी ते लपवलेले नाहीत. खाली भिंतीत रंगांचे थर, वर छतात लाकडाचे थर. हे कुणी मुद्दाम जुळवलं असेल की नाही कोण जाणे, मला ते जुळलेलं दिसलं.

एक काळजीही वाटली, ती सांगते. अशी भिंत सुंदर दिसते, फोटोत तर फारच. उद्या कुणी न जळलेली भिंत खरवडून अशी करेल. तसं होऊ नये. या भिंतीचं सौंदर्य तिच्या हकिकतीतून आलंय, हकिकत सोडून नुसती खरवड उचलली तर हाती चुना येईल.

या सभागृहात एक ऑर्गनही आहे, १९०१ मध्ये बसवलेला. तो करणारा रॉबर्ट होप-जोन्स हा मुळात टेलिफोन कंपनीत विजेचं काम बघणारा माणूस. टेलिफोनमधलं विजेचं तंत्र त्याने ऑर्गनमध्ये आणलं, म्हणजे पट्टी इथे दाबायची आणि नळी तिकडे दूर वाजायची, मधे फक्त तार. पुढे तो अमेरिकेत गेला आणि चित्रपटगृहांतल्या ऑर्गनमागे त्याचंच डोकं होतं. आग लागली तेव्हा या ऑर्गनचा मोठा भाग दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला होता, म्हणून तो वाचला. दुरुस्तीला नेलेली वस्तू वेळेवर परत आली नाही म्हणून मी आयुष्यभर लोकांशी भांडत आलेय. ही एक दुरुस्ती लांबली याचा मात्र मला मनापासून आनंद झाला.

संध्याकाळी आम्ही प्रयोगाला थांबलो. तिकिटाची पद्धत इथे अशी, की तुम्हाला झेपेल तितके पैसे तुम्ही द्यायचे. भाच्याने आकडा निवडताना माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आपलं घर असल्यासारखे दे."

प्रयोग अर्धवट होता, आणि तसा तो मुद्दामच अर्धवट असतो. यांच्याकडे "स्क्रॅच" नावाची पद्धत आहे, २००० च्या सुमारास सुरू झालेली. नाटक पूर्ण व्हायच्या आधीच प्रेक्षकांपुढे मांडायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, जाऊन बदल करायचे, पुन्हा मांडायचं. पुढे इमारतीचं कामही त्यांनी याच रीतीने केलं, एक तुकडा करून बघायचा, वापरून बघायचा, मग पुढचा. दोन मुली होत्या, एक टेबल आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. पंचवीस मिनिटांनी त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढचं अजून सुचलेलं नाही." कुणी हसलं नाही, कुणी उठलं नाही. उलट लोक खुर्च्या पुढे ओढून बोलायला लागले.

आणखी एक गोष्ट मला तिथे शिकायला मिळाली. २०२० मध्ये हे केंद्र जगातलं पहिलं "रिलॅक्स्ड व्हेन्यू" झालं. म्हणजे प्रयोग चालू असताना ज्याला उठावंसं वाटतं त्याने उठावं, ज्याच्या तोंडून आवाज निघतो त्याच्याकडे कुणी वळून बघू नये, दार लावून घेऊन कुणाला कोंडू नये. आमच्या रांगेत एक गृहस्थ होते, त्यांच्या तोंडून थोड्या थोड्या वेळाने एक शब्द फुटत होता. मधूनच ते उठायचे, भिंतीपर्यंत जायचे आणि परत यायचे. प्रेक्षागृह पूर्ण अंधारलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना वाट दिसत होती. मी आजवर मिट्ट काळोखासाठी भांडत आले. दाराच्या फटीतून आलेला उजेडसुद्धा मी कापडाने बंद करते. त्या संध्याकाळी पहिली पाच मिनिटं मला तो अर्धा उजेड टोचत होता. मग लक्षात आलं, की दिवे पूर्ण गेले असते तर हे गृहस्थ आज इथे आलेच नसते. घरी राहिले असते. तीस वर्षांत माझ्या काळोखामुळे किती जण घरी राहिले असतील? पुढच्या नाटकाला प्रेक्षागृहावरच्या दिव्यांचा एक बार वीस टक्क्यांवर ठेवून बघणार आहे. दिग्दर्शकाशी भांडण होईल, होऊ दे.

चर्चा संपली, लोक पांगले. लाइट्सच्या टेबलावर एक विशीतली मुलगी वायर गुंडाळत होती. कोपर आणि अंगठा यांच्यामधून, आम्ही गुंडाळतो तशीच. मी तिच्याजवळ गेले आणि आपण एकाच कामातल्या आहोत, हे सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मग तुम्ही ही भिंत कशी उजळली असती?"

मी म्हटलं, "समोरून नाही. समोरून टाकलं तर सगळे थर सपाट होतात. एक दिवा जमिनीलगत, भिंतीला अगदी चिकटून, वरच्या दिशेने. रंगीत जेल नको."

तिने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. स्टँडवरचा एक छोटा दिवा उतरवून भिंतीपाशी जमिनीवर ठेवला, भाच्याला त्याचं तोंड धरायला सांगितलं आणि टेबलाशी जाऊन बाकीचे सगळे दिवे बंद केले. मग तो एकच हळूहळू वर आणला. दहा टक्के, वीस, तीस.

उजेड भिंतीवरून सरपटत वर गेला. विटांच्या कडा उठल्या, पापुद्र्यांना सावल्या फुटल्या, दुपारी दिसलेलं ते खिळ्याचं भोक लांबट काळं होऊन दिसायला लागलं. हिरवा, गुलाबी, पिवळट, काजळी, सगळं वेगवेगळं. वर जाळीपर्यंत उजेड पोचला आणि छतावर नक्षीची सावली पडली.

"मावशी," भाचा खाली बसून दिवा धरल्या धरल्या म्हणाला, "शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघायचंय, पण हात मोकळा नाही."

"मग धर अजून दोन मिनिटं," मी म्हटलं. ती मुलगी दिवा चाळीसवर नेत होती.